कोऱ्या पाठीचं पाकीट

ती घटना आठवली की आजही मला माणसं नंतर दिसतात, आधी एक पाकीट दिसतं. साधं, बदामी रंगाचं, कुठल्याही दुकानात मिळणारं. उजव्या कोपऱ्यात तिकीट आणि तिकिटावर काळा गोल शिक्का. ते पाकीट मी स्वतःच्या हातानं फायलीला टाचलं आणि वर लाल शाईनं शेरा मारला. नोकरीत माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या, पण त्या शेऱ्याइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही. रीतीप्रमाणे इथं कुणाचं नाव किंवा गाव देत नाही.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यात, येलदरी धरणाच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्द मोठी आणि माणसं कमी. तक्रारी ठरलेल्या. कुणाची जाळी चोरीला जायची, कुणाचा बांध कोरला जायचा, कुणाची शेळी बाजारात भलत्याच माणसाच्या हाती सापडायची. मोबाईल तालुक्याला आले होते, खेड्यात एखाद्याच्याच खिशात असायचे. पत्रं अजून येत-जात होती, त्यामुळे खेड्यातल्या माणसाचं पत्र आलं याचं कुणाला नवल वाटत नसे.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. सकाळची हजेरी उरकून मी बसतोय तोच ठाणे अंमलदारानं एका बाईला आत आणलं. मेंढरं पाळणाऱ्या घरातली, तिशीच्या आतबाहेरची. नवरा मेंढरं घेऊन धरणाच्या पाण्याकडच्या रानात गेला होता. मेंढरं परत आली, नवरा आला नाही. मेंढरं आणली ती चुलत दिरानं. कळप दोघांचा सामाईक होता. दीरही तिच्यासोबत आला होता, आणि खरं सांगायचं तर बोलत तोच होता. भाऊ दुपारी बिडी आणायला म्हणून गेला तो गेलाच, असं त्यानं सांगितलं. आम्ही मिसिंग रजिस्टरला नोंद घेतली, वर्णन बिनतारी संदेशानं सगळीकडे पाठवलं, बीट जमादाराला रानात पाठवलं. जमादार रानात एक चक्कर मारून आला आणि काही आढळलं नाही असा अहवाल दिला.

वीसेक दिवसांनी तो चुलत दीर एकटाच आला. चेहऱ्यावर समाधान होतं. भावाचं पत्र आलं, खुशाल आहे, असं म्हणून त्यानं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. पत्र आठ-दहा ओळींचं. मी नाशिककडे कामाला लागलो आहे, मला बायकोसंगं नांदायचं नाही, माझा शोध घेऊ नये, मेंढरं भावानं सांभाळावीत. अक्षर नवऱ्याचं नव्हतं. पण त्याला सहीपुरतंच लिहिता येत होतं, आणि अशी माणसं दुसऱ्याकडून पत्र लिहून घेतात हे मला माहीत होतं. मी पाकीट उचलून तिकीट पाहिलं. शिक्क्यात नाशिककडच्या एका पोस्टाचं नाव अर्धंमुर्धं पण वाचता येत होतं, तारीख तर स्वच्छ होती. माणूस बेपत्ता झाल्यानंतरची तारीख. म्हणजे माणूस जिवंत आहे, सज्ञान आहे आणि मर्जीनं गेला आहे. मी दिराचा जबाब घेतला, खाली सही केली, आणि शेरा लिहिला: 'घरगुती कारणावरून पत्नीस सोडून स्वेच्छेने निघून गेला. मिसिंग निकाली.'

एवढी घाई का केली, हे लपवण्यात अर्थ नाही. वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. मिसिंगच्या प्रलंबित नोंदी जास्त दिसल्या की वरिष्ठांचे खडे बोल ऐकावे लागतात. एक नोंद आपण होऊन चालत आली आणि निकाली निघाली, तर कुठल्या प्रभारीला आनंद होणार नाही? मलाही झाला.

दोन दिवसांनी ती बाई आली. पत्र तिनंही वाचून घेतलं होतं. ठाण्याच्या ओसरीवर बाजाराच्या दिवसाची गर्दी होती, तिच्या गावची चार माणसंही त्यात होती. ती म्हणाली, आमच्या घरी पोस्टमन आला न्हाई, साहेब, मी दिवसभर दारातच व्हते. मी घाईत होतो. तिला आत बोलवावं, बसवावं, 'अहो' म्हणावं, यातलं काही मला सुचलं नाही. उभ्या उभ्याच बोललो.

"बाई, तुझा नवरा तुला टाकून गेलाय. सरकारी शिक्क्याचं पत्र आहे. आता घरी जा आणि आम्हाला आमचं काम करू दे."

तिनं पदर पुढं ओढला आणि ती पायऱ्या उतरून गेली.

एका वाक्याचं वजन किती असतं ते मला पुढे कळलं. आमच्याकडे विधवेला एक जागा असते, सवाष्णीला एक जागा असते. टाकलेल्या बाईला कुठलीच जागा नसते. ठाणेदारानंच तसं म्हटल्यावर गावाला दुसरा पुरावा लागला नाही. पत्रात लिहिल्याप्रमाणे कळप दिराकडे गेला. संक्रांतीला तिच्या घरी कुणी वाण घेऊन आलं नाही, तिलाही कुणी बोलावलं नाही. लग्नात हळद लावायला ती पुढं झाली तेव्हा कुणीतरी तिच्या हातातली वाटी काढून घेतली. तिचा बाप सोनपेठच्या बाजूचा. तो तिला माहेरी न्यायला आला तर ती गेली नाही. मी गेले तर लोकांचं खरं ठरंल, असं ती म्हणाली म्हणे. कापूस वेचून, निंदणी-खुरपणी करून तिनं दिवस काढले. ठाण्याला मात्र ती दर बाजारी यायची. काही मागायची नाही. ओसरीच्या कडेला तासभर बसायची आणि उठून जायची. मला ती दिसली की मी फायलीत डोकं घालायचो. फाल्गुनापासून ती यायची बंद झाली तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

वैशाखात एके दिवशी त्या गावचा पोस्टमन आला. खेड्यातल्या शाखा पोस्टाचा कारभार आणि वाटप दोन्ही सांभाळणारा माणूस, बौद्धवाड्यात राहणारा, पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेला. त्यानं नमस्कार केला आणि बसायला सांगितलं तरी बसला नाही. त्या बाईचं पाकीट एकदा बघायचंय, एवढंच म्हणाला. मी विचारलं, आत्ताच का? तो म्हणाला, आत्ताच न्हाई, साहेब, दिवाळीच्या टायमालाच मी जमादार साहेबांना सांगितलं व्हतं की ते पत्र माज्या हातून गेलं न्हाई. ते म्हणले, साहेबांनी फाईल बंद केली, तू तुजी पत्रं वाट. मी गप बसलो. पण ती बाई दर आठ दिवसाला पोस्टात येऊन मलाच इचारायलीय, भाऊ, खरंच तुमी दिलं न्हवतं ना. आता मला तिच्याकडं बघवंना.

मी फाईल मागवली. पोस्टमननं चष्मा लावला, पाकीट घेतलं, आणि मी जे पाहिलं होतं ते त्यानं पाहिलंच नाही. त्यानं ते उलटं केलं. पाठ कोरी होती. मग सरळ करून त्यानं तिकिटाच्या काठावर अंगठ्याचं नख फिरवलं.

"ठप्पा मारताना कोण तिकिटाच्या आत मापून मारतो व्हय, साहेब?"

मी वाकून पाहिलं. काळ्या गोलाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग तिकिटावर होता. उरलेला गोल पाकिटाच्या कागदावर उतरायला हवा होता. तिथं शाईचा ठिपकाही नव्हता. तिकिटाच्या दातऱ्यांपाशी गोल सुरीनं कापल्यासारखा संपत होता.

मग त्यानं मला जे समजावलं ते पोलीस प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. तिकिटावरचा शिक्का हा तिकीट बाद करायला असतो. हे तिकीट एकदा वापरलं, पुन्हा चालणार नाही, एवढंच तो सांगतो. ते कुठल्या पाकिटावर वापरलं, हे तो आपण होऊन सांगत नाही. ते कळायला ठसा तिकिटावरून पाकिटावर उतरलेला असावा लागतो. टपालाच्या बाकीच्या खुणा पाकिटाच्या असतात. पाकीट ज्या पोस्टात पोचलं तिथला पाठीवरचा तारखेचा शिक्का, वाटप करणाऱ्याचा पेन्सिलीतला आकडा, वाट चुकून भलतीकडे गेलं तर तसा शेरा, तिकीट कमी पडलं तर दंडाची खूण. पाकीट कुठून कुठे गेलं ते या खुणा सांगतात. गफलत होते ती तिकिटावरच्या शिक्क्यातही गावाचं नाव आणि तारीख असते म्हणून. शहाणासुरता माणूससुद्धा ते वाचतो आणि पाकिटाचा प्रवास कळला असं समजतो. पोस्टमन म्हणाला, माज्या शाखेत आलेल्या प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर मी स्वतः शिक्का मारतो, एकबी सोडत न्हाई. हे पाकीट पोस्टात आलंच न्हाई, साहेब. कुणीतरी वापरलेलं तिकीट भिजवून काढलंय अन् ह्याच्यावर चिकटवलंय.

पोस्टमन गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पूर्ण फाईल पहिल्या पानापासून वाचली. दिराच्या जबाबाशी येऊन थांबलो. 'सदरचे पत्र रविवारी, आमच्या गावच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी पोस्टमनने माझ्या हातात दिले.' रविवारी! खेड्यातला माणूस आठवडा बाजारावरून मोजतो. खोटी गोष्ट रचताना त्याला आठवायला सोपा वार सापडला तो बाजाराचा. रविवारी पोस्ट बंद असतं हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला का हसा, माझ्याही आलं नाही. तो जबाब आठ महिने माझ्या कपाटात होता आणि खाली माझीच सही होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो मी घातलाच नव्हता. कळसा काखेत घेऊन मी निवांत बसलो होतो.

दिराला बोलावून घेतलं. चौकशीत आवाज चढवून फार काही मिळत नाही, हा माझा अनुभव. माणसाला त्याची गोष्ट पुन्हा सांगू द्यावी. खरी गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना माणूस अडखळतो, काही विसरतो, काही नवं आठवतो. यानं आठ महिन्यांनी तोच जबाब त्याच शब्दांत सांगितला, रविवारसकट. मी म्हणालो, रविवारी पोस्ट उघडं होतं का रे? तो म्हणाला, पोस्टमननं न्हाई दिलं, दारात पडलेलं सापडलं. मग पोस्टमनचं नाव का घेतलंस? भाऊ बेपत्ता झाल्यावर तो काही दिवस सेलूला एका आडत दुकानात हमालीला होता, हे मला गावातून कळलं होतं. मी पाकीट त्याच्यासमोर ठेवलं आणि त्या दुकानात बाहेरगावचं टपाल यायचं का, असं विचारलं. तो भिंतीला टेकला आणि खाली बसला.

पुढचं त्यानं आपण होऊन सांगितलं. कळप कुठे चारायचा यावरून दोघांची झोंबाझोंबी झाली, ढकललं, भाऊ दगडावर पडला. तो घाबरला. जवळच एक पडीक विहीर होती, बाभळीनं झाकलेली. त्यात त्यानं भावाला टाकलं आणि वरून दगड लोटले. ढकललं की दगड घातला, हे देव जाणे. पंचांसमोर त्याचं निवेदन लिहून घेतलं, आणि त्यानं दाखवलेल्या जागी आम्ही गेलो. विहीर कोरडी होती. जमादार आठ महिन्यांपूर्वी ज्या वाटेनं चक्कर मारून आला, तिथून ती दोनशे पावलांवर होती.

सांगाडा निघाला, आणि कुजलेल्या घोंगड्याचा एक तुकडा निघाला. त्याला लुगड्याच्या कापडाचं ठिगळ होतं. ओळखीसाठी बाईला आणलं होतं. अशा वेळी बायका हंबरडा फोडतात, म्हणून मी एक महिला शिपाई तिच्याजवळ उभी केली होती. तिनं ठिगळ पाहिलं. हे मीच लावलंय म्हणाली. ती विहिरीच्या काठावर बसली. मग तिनं वर माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजी त्यायनी मला टाकलं न्हवतं."

नवऱ्याची हाडं समोर असताना त्या बाईच्या तोंडून पहिलं हे निघालं, आणि तिच्या चेहऱ्यावर मला क्षणभर सुटका दिसली. नवरा मेल्याची सुटका नव्हे. आठ महिने तिनं जे ओझं वाहिलं, ते नवऱ्यानं तिच्या डोक्यावर ठेवलं नव्हतं. मी ठेवलं होतं. मला तिथं उभं राहवेना, मी पंचनाम्याचे कागद बघण्याचं निमित्त करून बाजूला झालो.

पाकीट प्रयोगशाळेत गेलं. तिकिटाखाली दुसऱ्याच पाकिटाच्या कागदाचा पापुद्रा चिकटलेला मिळाला. पोस्टमननं न्यायालयात चांगली साक्ष दिली. पण आठ महिन्यांनंतर डॉक्टरांना मृत्यूचं कारण सांगता आलं नाही. खून शाबीत झाला नाही. पुरावा नष्ट केल्याबद्दल आणि खोट्या पत्राबद्दल शिक्षा झाली, ती भोगून तो त्याच गावात परत आला. वीस दिवसांत प्रेत हाती लागलं असतं तर निकाल वेगळा लागला असता की नाही, कोण जाणे. बचाव पक्षाच्या वकिलानं मला उलटतपासात एकच प्रश्न विचारला: पत्र खोटं आहे हे आपल्याला किती दिवसांनी कळलं? मी उत्तर दिलं. न्यायालयात कुणी हसलं नाही, ते हसले असते तर बरं झालं असतं.

दोषारोपपत्र दाखल होण्याआधी पुरवणी जबाबासाठी ती ठाण्यात आली होती. या वेळी मी तिला खुर्ची दिली, 'तुम्ही' म्हणालो, चूक झाली असंही म्हणालो. माझ्या खोलीत, दार लोटून. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी त्या दिशी समद्यांदेखत बोलला व्हता. आता आमच्या गावात या, बाजाराच्या दिशी, अन् समद्यांदेखत सांगा. माजं नाव घिऊन सांगा."

मी येतो म्हणालो. त्या आठवड्यात बंदोबस्त निघाला. पुढच्या आठवड्यात तपासणी. मग माझी बदली झाली. ही सगळी कारणं खरी आहेत, पण खरं कारण वेगळं होतं. बाजारात उभं राहून, वर्दीत, भाजी विकणाऱ्यांच्या आणि मेंढरं विकणाऱ्यांच्या समोर 'मी चुकलो' म्हणायची आम्हाला सवय नसते. आम्ही चुका वरिष्ठांना लेखी कळवतो. म्हणून बदलीच्या गावी जाण्यापूर्वी मी तिला रीतसर पत्र लिहिलं. आपले पती स्वेच्छेने निघून गेलेले नव्हते, या ठाण्याने पूर्वी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. सही केली, ठाण्याचा शिक्का मारला, आणि रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. आपण मोठं काम केलं असंही मला वाटलं.

बारा दिवसांनी, मी अजून त्याच ठाण्यात असताना, ते पाकीट परत आलं. सरकारी तिकिटांवरचा शिक्का निम्मा पाकिटावर उतरलेला होता. पाठीवर तिच्या गावच्या शाखेचा तारखेचा शिक्का होता, ठळक. आणि पुढच्या बाजूला पोस्टमनच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'घेण्यास नकार.' खाली त्याची सही. एव्हाना मला पाकीट वाचता येत होतं. ते तिच्या दारापर्यंत गेलं होतं, आणि दारातून परत आलं होतं.

मी पोस्टमनला निरोप पाठवून बोलावलं. त्यानं सांगितलं की तो तिला वाचून दाखवायलाही तयार होता. तिनं हात पुढं केला नाही. काय म्हणाली, हे मी विचारलं.

"ती म्हणली, टाकलेली म्हणायला साहेबाला तोंड पुरलं व्हतं. आता कागद कशाला लागायलाय?"

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो की जो पुरावा आपली डोकेदुखी कमी करतो त्याच्याकडे दोनदा बघा. पाकीट उलटं करून पाहा, जबाबातला वार तपासा, आणि ओसरीवर बसलेल्या बाईकडे बघून फायलीत डोकं घालू नका. हे सगळं ते वहीत लिहून घेतात. उरलेलं मी त्यांना सांगत नाही.

निवृत्तीनंतर मी परभणीतच राहतो. तिथून ते गाव फार दूर नाही. एकदा रविवारी मी एसटीत बसलो, जिंतूरला उतरलो, पुढची गाडी लागलेली होती. स्टँडवर चहा घेतला. गाडी मला न घेताच सुटली, आणि मी उलट्या गाडीनं घरी आलो. आता वर्दीही नाही, तपासणी नाही, बदली नाही, त्यामुळे कारण सांगायलाही काही उरलेलं नाही. ती अजून त्याच गावात राहते, एवढी माहिती मी ठेवली आहे.

हे सगळं आज लिहिलं, तुम्ही वाचाल, चार लोक चुकचुकतील. पण मी तिचं नाव लिहिलेलं नाही, गावाचं लिहिलेलं नाही, माझंही लिहिलेलं नाही. तिनं माझ्याकडे मागितलं होतं ते एवढंच.